प्रिसिंक्ट डेलिगेट : अमेरिकेत काउंटीचा पक्ष नेमकं कोण चालवतं?

नोव्हायकर

अमेरिकेतल्या मराठी घरांत राजकारणावर तासन्‌तास बोललं जातं, पण ते बोलणं व्हाइट हाउसच्या खाली उतरत नाही. आपण ज्या पक्षाला मत देतो त्याचा आपल्या काउंटीतला अध्यक्ष कोण, त्याला कुणी निवडलं, तो करतो काय, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. मी मिशिगनमध्ये ओकलंड काउंटीत राहते आणि आमच्या प्रिसिंक्टची डेलिगेट, म्हणजे पक्षाची निवडलेली प्रतिनिधी आहे. कोणत्या पक्षाची ते मुद्दाम लिहीत नाही. धागा लगेच तिकडे वळेल आणि मूळ विषय राहून जाईल.

प्रिसिंक्ट म्हणजे एका मतदान केंद्राची हद्द. दर दोन वर्षांनी, सम वर्षातल्या ऑगस्टमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणारी निवडणूक होते. त्या मतपत्रिकेवर अगदी शेवटी ‘काउंटी कन्व्हेन्शनचा डेलिगेट’ असं एक पद असतं. कन्व्हेन्शन म्हणजे पक्षाचं अधिवेशन. गव्हर्नर, सेनेटर, काँग्रेस, काउंटी कमिशनर असं करत तिथवर येईपर्यंत लोकांचा उत्साह संपलेला असतो. आमच्या राज्यात मतदाराची पक्षनोंदणी नसते. एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि तुम्ही एकाच रकान्यात खुणा करायच्या. दोन्हीकडे केल्या की तो सगळा भाग बाद.

निवडून आलेले डेलिगेट थोड्याच दिवसांत काउंटी कन्व्हेन्शनला जमतात आणि राज्याच्या कन्व्हेन्शनला कोण जाणार ते ठरवतात. काउंटीच्या कार्यकारिणीत काही जण कन्व्हेन्शनने निवडलेले असतात, काही पक्षाचे उमेदवार म्हणून आपोआप येतात. ही कार्यकारिणी नोव्हेंबरची निवडणूक आटोपली की काउंटीचा अध्यक्ष निवडते. पुढच्या फेब्रुवारीत राज्याचं कन्व्हेन्शन पुन्हा भरतं आणि तिथे राज्याचा पक्षाध्यक्ष ठरतो. म्हणजे मतपत्रिकेच्या तळाशी पडलेल्या त्या पदापासून वरपर्यंत सलग वाट जाते.

मिशिगनमध्ये या वाटेला विशेष वजन आहे. गव्हर्नरची उमेदवारी प्रायमरीत सर्वसामान्य मतदार ठरवतात, पण ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका बघणारं पद) आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांची उमेदवारी पक्षाच्या कन्व्हेन्शनमध्ये ठरते. न्यायाधीशांच्या नावापुढे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर पक्ष छापलेला नसतो, तरी त्यांना उभं पक्षच करतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं ॲन आर्बरला शिकतात. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचे आठ रीजंट, म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य, राज्यभरातून निवडून येतात आणि त्यांची उमेदवारीही कन्व्हेन्शनमध्येच ठरते. फी वाढली की व्हॉट्सॲपवर चर्चा होते, रीजंटला उमेदवारी कुणी दिली याची कधीच होत नाही.

एक ताजं उदाहरण देते. २०२२ साली रिपब्लिकन डेलिगेटांनी सेक्रेटरी ऑफ स्टेटसाठी क्रिस्टिना करामो आणि ॲटर्नी जनरलसाठी मॅथ्यू डीपर्नो यांना उभं केलं. नोव्हेंबरमध्ये दोघेही हरले. करामो तर साधारण १४ टक्क्यांच्या फरकाने हरल्या. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये लॅन्सिंगच्या कन्व्हेन्शनमध्ये डेलिगेटांनी त्यांनाच राज्याचं अध्यक्ष केलं, तेही डीपर्नोंना हरवून. मग पक्षाचे पैसे आटले, भांडणं वाढली. जानेवारी २०२४ मध्ये राज्य समितीच्या सदस्यांनी त्यांना काढून पीट होक्स्ट्रा यांना निवडलं, करामो पद सोडेनात, आणि शेवटी फेब्रुवारीत न्यायालयाने त्यांना काढणं वैध ठरवलं. कुणाची बाजू बरोबर हा इथे मुद्दा नाही. अख्ख्या राज्याच्या पक्षाची दोन वर्षं ज्यांच्या मतांवर फिरली, ते सगळे मतपत्रिकेच्या तळाशी, बहुतेक वेळा बिनविरोध निवडून आलेले लोक होते.

आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रिसिंक्टमध्ये या जागेसाठी कुणी अर्जच भरत नाही. नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या गावांत आपली वस्ती किती आहे ते सांगायला नको. श्री ठाणेदार बेळगावहून येऊन डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण त्यांनी स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर ओतून लढत दिली, तो रस्ता आपल्यातल्या फार थोड्यांना जमेल. हा खालचा रस्ता मात्र नागरिकत्व असलेल्या कुणालाही मोकळा आहे. बाकीच्या राज्यांत कसं चालतं ते तिथल्या लोकांनी लिहावं म्हणून हा धागा.

---

बापू_सातारकर

ताई, चांगला विषय काढलात. मी गावाकडे तीस-एक वर्षं पक्षाचं काम केलंय म्हणून विचारतो. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना? मग तुमच्याकडे जिल्हाध्यक्ष खरंच मतदानाने होतो? इथे जिल्हाध्यक्षाचं नाव वरून पत्राने येतं. निरीक्षक येतात, हॉटेलात बसून दोन-चार जणांची मतं विचारतात, आणि शेवटी ‘सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना’ असा एका ओळीचा ठराव होतो. असे ठराव मी स्वतः अनुमोदन देऊन मंजूर केलेत.

डेलिगेट आमच्याकडेही असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं तेव्हा प्रदेश काँग्रेसचे डेलिगेट मतदार होते. खर्गेंना ७,८९७ मतं पडली, थरूरांना १,०७२. पण ते डेलिगेट कोण, मतदारयादी खुली का नाही, यावरून आधी केवढी चर्चा झाली होती. आमच्या तालुक्यातून डेलिगेट कोण होता हे तालुक्यातल्या साध्या कार्यकर्त्याला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे त्याचं नाव मतपत्रिकेवर छापून येतं, हे वाचूनच मला विशेष वाटलं.

---

नोव्हायकर

बापूकाका, काउंटी आपल्या जिल्ह्यासारखीच धरा, लोकसंख्येत मात्र फार तफावत. मिशिगनच्या ८३ काउंट्यांत आमच्या ओकलंडची वस्ती साडेबारा लाखांच्या पुढे आहे आणि वर उत्तरेकडे काही काउंट्या दोन-पाच हजारांच्या आहेत.

मतदान खरंच होतं. काउंटी कन्व्हेन्शन बहुधा शाळेच्या सभागृहात किंवा कामगार संघटनेच्या हॉलमध्ये भरतं. दाराशी टेबल असतं, तिथे यादीत नाव शोधून बिल्ला देतात. यादीत नाव नसेल तर कितीही ओळखीचा माणूस असो, त्याला मागे पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसावं लागतं. मग हजेरीचा अहवाल वाचून मंजूर करतात. तो मंजूर होईपर्यंत पुढचं काहीच होत नाही, आणि खरी भांडणं बहुतेकदा तिथेच होतात, कारण कोण मत देणार ते तिथे ठरतं. डेलिगेट कमी आले तर पर्यायी डेलिगेटांना यादीतल्या क्रमाने आत घेतात. नावं सुचवली जातात, बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, चिठ्ठ्या वाटतात. मोजणाऱ्या टेबलाशी प्रत्येक गटाचा एक माणूस उभा राहून बघतो. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने मला सभेचे नियम छापलेला कागद दिला आणि सांगितलं, हरकत घ्यायची असेल तर मतदान सुरू व्हायच्या आधी घे, नंतर कुणी ऐकणार नाही.

एक फरक राहिला होता. राज्याच्या कन्व्हेन्शनमध्ये रिपब्लिकनांकडे फक्त निवडलेले डेलिगेट मत देतात. डेमोक्रॅटांकडे किमान ३० दिवस आधी सभासद झालेला कुणीही जाऊन मत देऊ शकतो. त्यामुळे तिथे आधीचा महिनाभर सभासदनोंदणीची चढाओढ असते. २०१८ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटला डेना नेसेल यांना ॲटर्नी जनरलसाठी पसंती मिळाली, ती अशी हजारो सभासद हॉलमध्ये येऊन मिळाली.

---

आयोवाची_माई

आमच्या आयोवात ९९ काउंट्या, आणि सगळी सुरुवात कॉकसपासून, म्हणजे पक्षाच्या प्रिसिंक्टनिहाय सभेपासून. टीव्हीवर तुम्ही बघता तो भाग म्हणजे शाळेच्या जिममध्ये लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे आहेत, १५ टक्के जमले नाहीत तर दुसऱ्या कोपऱ्यात जात आहेत. डेमोक्रॅटांची ती जुनी पद्धत. २०२० मध्ये निकाल कळवायच्या ॲपने दगा दिला, निकाल दिवसेंदिवस लांबला, आणि २०२४ ला त्यांनी अध्यक्षपदाची पसंती टपालाने घेतली. रिपब्लिकन चिठ्ठीवर गुप्त मत घेतात.

पण मला सांगायचंय ते कॅमेरे निघून गेल्यावरचं. अध्यक्षपदाचा आकडा जाहीर झाला की लोक कोट चढवतात आणि बाहेर पडतात. जानेवारीची थंडी, घरी पोरं, दुसऱ्या दिवशी काम, कुणाला दोष द्यायचा? खोलीत उरतात थोडेसे. आणि मग सभेचा प्रमुख विचारतो, काउंटी कन्व्हेन्शनला कोण जाणार? काउंटीच्या मध्यवर्ती समितीवर या प्रिसिंक्टतर्फे कोण? तेव्हा हात वर करणारा निवडून येतो, बस्स. हीच मध्यवर्ती समिती पुढे काउंटीचा अध्यक्ष निवडते.

याचा परिणाम २०१२ ला दिसला. कॉकसच्या रात्री रिपब्लिकनांत मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, दोन आठवड्यांनी अंतिम मोजणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. रॉन पॉल तिसरे होते. पण पॉल यांचे कार्यकर्ते प्रत्येक खोलीत शेवटपर्यंत बसून राहिले, काउंटी कन्व्हेन्शनला गेले, काँग्रेस मतदारसंघाच्या, राज्याच्या कन्व्हेन्शनला गेले. त्या उन्हाळ्यात टँपाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ डेलिगेटांपैकी २२ जणांनी पॉल यांना मत दिलं. नंतर पक्षाने नियम बदलून डेलिगेटांना लोकांच्या मताशी बांधून टाकलं. अध्यक्षपदापुरतं ते बरोबरच झालं. काउंटीच्या समितीला मात्र असलं काही बंधन नाही, तिथे आजही जो थांबतो तोच ठरवतो.

---

रॅरिटनकाठचा

न्यू जर्सीचं सांगतो, एडिसनच्या बाजूला राहतो. आमच्याकडे कॉकस नाही. जूनच्या प्रायमरीत प्रत्येक मतदान विभागातून काउंटी कमिटीचे सदस्य निवडतात, परंपरेने एक पुरुष आणि एक स्त्री. ही कमिटी काउंटीचा अध्यक्ष निवडते. इथवर मिशिगनसारखंच.

फरक होता ‘काउंटी लाइन’चा. २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे उमेदवार, सेनेटरपासून टाउन कौन्सिलपर्यंत, प्रायमरीच्या मतपत्रिकेवर एकाच सरळ रांगेत छापले जायचे. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. मतदार वरच्या ओळखीच्या नावावर खूण करून तीच रांग खाली धरत जायचा. काही काउंट्यांत ही लाइन कुणाला द्यायची हे कमिटीचे सदस्य गुप्त मतदानाने ठरवत, आणि काहींत अध्यक्ष एकटाच. आता विचार करा, त्या अध्यक्षाच्या हातात केवढी सत्ता. आमदार त्याला घाबरून असत, कारण पुढची लाइन त्याच्या खिशात.

२०२४ ला सेनेटच्या जागेसाठी तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि मोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी भराभर पाठिंबा जाहीर केला. समोर काँग्रेसमन अँडी किम. फेब्रुवारीत मॉनमथ काउंटीचं कन्व्हेन्शन झालं. तिथे सदस्यांनी गुप्त मत दिलं आणि किम स्पष्ट फरकाने जिंकले. जिथे जिथे खालच्या सदस्यांना चिठ्ठी हातात मिळाली तिथे चित्र बदलत गेलं. किम यांनी लाइनविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. मार्चच्या शेवटी मर्फी बाईंनी माघार घेतली आणि काही दिवसांतच न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन छापायला मनाई केली. किम आज सेनेटर आहेत. २०२५ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला, आता एका पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत छापतात.

लाइन गेली म्हणून काउंटी कमिटी बिनकामाची झाली असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. अध्यक्षाचं शस्त्र बोथट झालंय, म्हणून आत्ताच कमिटीत जाऊन उपनियम वाचायला, बदलायला वाव आहे. आमच्या गावात आपल्या लोकांची दुकानं, देवळं, ढोलपथकं आहेत. काउंटी कमिटीच्या रिकाम्या जागा भरायची वेळ येते तेव्हा मात्र आपलं नाव सुचवायला आपणच हजर नसतो.

---

केदार_वासाच

मी जरा विरोधी सूर लावतो. युटामध्ये राहतो आणि डेलिगेट पद्धतीबद्दल तुमच्याइतका उत्साह मला वाटत नाही.

आमच्याकडे कॉकसच्या रात्री शेजारीपाजारी जमून काउंटीचे आणि राज्याचे डेलिगेट निवडतात. २०१० साली तीन वेळा निवडून आलेले सेनेटर बॉब बेनेट राज्याच्या कन्व्हेन्शनमध्येच बाद झाले. साधारण साडेतीन हजार डेलिगेटांनी ठरवलं आणि लाखो मतदारांपुढे त्यांचं नाव गेलंच नाही. त्यानंतर लोकांनी मोहीम काढली आणि २०१४ मध्ये तडजोडीचा कायदा झाला, सह्या गोळा करूनही प्रायमरीत उतरता येतं. आता बघा. २०१८ ला सेनेटच्या जागेसाठी कन्व्हेन्शनमध्ये रॉम्नी दुसरे आले, प्रायमरी मोठ्या फरकाने जिंकले. २०२४ ला गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांना कन्व्हेन्शनमध्ये जेमतेम एक तृतीयांश मतं मिळाली, दोन तृतीयांश फिल लायमन यांना. प्रायमरीत कॉक्सच जिंकले.

म्हणजे डेलिगेटांचं मत एक आणि त्याच पक्षाच्या मतदारांचं दुसरं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. आयोवातल्या माईंनी सांगितलेली गोष्ट मला चिंतेची वाटते. जो शेवटपर्यंत बसतो तो राज्य करतो, मग दोन पाळ्यांत काम करणारी नर्स, लहान मूल असलेली आई, म्हातारे आजोबा यांचं काय?

---

नोव्हायकर

केदार, तुमचा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. उमेदवार ठरवण्याचा अधिकार फक्त डेलिगेटांकडे असू नये असंच माझंही मत आहे. युटाची सह्यांची वाट मला योग्य वाटते. मिशिगनमध्येही ॲटर्नी जनरल प्रायमरीत ठरावा असं म्हणणारे दोन्ही पक्षांत आहेत.

पण काउंटीचा अध्यक्ष आणि कार्यकारिणी कुणीतरी निवडणारच. ते मतदारांच्या मनापासून इतके लांब का जातात? कारण त्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि ठाम मताचा छोटा गट त्या सहज भरतो. नर्सला आणि आईला बसता येत नाही हे अगदी मान्य. म्हणून मिशिगनची रीत मला कॉकसपेक्षा बरी वाटते. इथे डेलिगेट निवडायला रात्री सभेत बसावं लागत नाही, मत घरून टपालानेही देता येतं. कन्व्हेन्शनला वर्षातून मोजक्या वेळा जावं लागतं.

---

झुंबर_मिनेसोटा

नर्सचा मुद्दा आला म्हणून सांगते. आमच्या राज्यात कायदाच आहे. कॉकसला जायचं म्हणून दहा दिवस आधी लेखी कळवलं तर मालकाला सुट्टी द्यावी लागते, आणि त्या संध्याकाळी सहानंतर शाळामंडळाची किंवा सिटी कौन्सिलची बैठक ठेवता येत नाही. तरी गर्दी होते असं नाही, पण निदान दार उघडं ठेवलंय.

मोजणीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. जुलै २०२५ मध्ये मिनिआपोलिसला डीएफएलच्या (आमच्या राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं नाव) कन्व्हेन्शनने महापौरपदासाठी ओमर फतेह यांना पाठिंबा दिला. मतमोजणीत त्रुटी असल्याच्या तक्रारी झाल्या आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या पक्षाने तो पाठिंबा रद्द केला. हॉलमध्ये दिवसभर बसलेल्या डेलिगेटांना काय वाटलं असेल? फतेह समर्थक तर आजही चिडलेले आहेत, आणि मला त्यांचा राग समजतो. चूक यंत्रणेची, शिक्षा बसून राहिलेल्यांना.

---

सायली_ट्रॉय

खूप उपयोगी धागा. आम्ही दोघं एच-१बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. आम्हाला यात काही करता येतं का, की नुसतं वाचायचं?

---

नोव्हायकर

सायली, येतं, पण सीमा नीट समजून घे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम चालतं. फोन करणं, दारोदार पत्रकं वाटणं, बैठकीला जाऊन ऐकणं, सगळं. देणगी मात्र एक डॉलरसुद्धा द्यायची नाही. ग्रीन कार्ड मिळालं की देणगी देता येते, मत तेव्हाही नाही. डेलिगेट व्हायला त्या प्रिसिंक्टचा नोंदणीकृत मतदार असावं लागतं, म्हणजे नागरिकत्व हवंच.

आणि हे ठळक लिहिते : नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवू नकोस. आमच्या राज्यात लायसन्सच्या कामाच्या वेळी मतदारनोंदणी आपोआप होण्याची सोय आहे. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येईल तेव्हा घाईत खूण करू नकोस, कागद पुन्हा वाच. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदारनोंदणी केली होती का’ असं थेट विचारतात आणि चुकून झालेल्या नोंदणीमुळेही प्रकरण अडकू शकतं.

---

बापू_सातारकर

एक शेवटचं विचारतो. अर्जाला अनामत रक्कम किती? सूचक-अनुमोदक किती लागतात? आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीलाही ते लागतं.

---

नोव्हायकर

काका, अनामत नाही, सूचक नाही, सह्याही नाहीत. स्वतःची ओळख देणारं एक प्रतिज्ञापत्र भरायचं, नोटरीसमोर सही करायची आणि निवडणुकीचं काम बघणाऱ्या क्लर्कच्या कार्यालयात द्यायचं. मुदत ऑगस्टच्या प्रायमरीआधीचा १३वा मंगळवार, दुपारी ४ वाजेपर्यंत. पाच मिनिटं उशीर झाला तरी घेत नाहीत. मुदत हुकली तर मतदानाच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत राइट-इन उमेदवार म्हणून कळवता येतं. मग मतदाराला तुमचं नाव हाताने लिहावं लागतं, पण रिकाम्या जागेवर मूठभर मतांतही काम होतं.

मिशिगनमधल्यांसाठी : अर्ज बाद होतात ते बहुतेक नोटरीची सही राहिल्यामुळे किंवा प्रिसिंक्टचा क्रमांक जुना लिहिल्यामुळे. हद्दी बदलत असतात, म्हणून क्रमांक मतदार ओळखपत्रावरून न घेता क्लर्कला फोन करून विचारा, आणि अर्ज दिल्यावर तारखेचा शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. कुणाला भरताना बसून मदत हवी असेल तर मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवा, पक्ष कुठलाही असो.